दूरच्या प्रवासाची जुनी मोटारसायकल : वाजवी किमतीचा निर्णय

नव्या वस्तूची किंमत कारखानदार ठरवितो आणि ती सर्वांना सारखीच असते. जुन्या वस्तूची किंमत मात्र प्रत्येक व्यवहारात नव्याने ठरवावी लागते. एकाच दिवशी एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन मोटारसायकली पाच वर्षांनंतर एकमेकींसारख्या राहत नाहीत. एकीने रोज सकाळी चार मैलांवरच्या कचेरीची फेरी केलेली असते, तर दुसरीने मनालीहून लेहपर्यंतचे घाट ओलांडलेले असतात. पहिली कदाचित दिसायला अधिक चकचकीत असेल, परंतु तिचे यंत्र अधिक थकलेले असण्याचा संभव असतो. बाह्य रूपावरून किंमत करणारा मनुष्य अशा ठिकाणी हमखास फसतो.

भारतात दुचाकी वाहन हे मुख्यतः कामावर जाण्यायेण्याचे साधन आहे. तथापि गुवाहाटीहून तवांगकडे, चंडीगडहून स्पितीच्या खोऱ्याकडे किंवा मुंबईहून किनाऱ्याच्या वाटेने गोव्याकडे मोटारसायकलवरून जाणाऱ्यांचा एक वर्ग आता मोठा झाला आहे. ह्या प्रवाशांना सामान वाहून नेणारी, खराब रस्त्यावर टिकणारी आणि दिवसाला तीनशे किलोमीटर न कुरकुरता चालणारी गाडी हवी असते. अशी नवी गाडी पुष्कळांच्या आवाक्याबाहेर असते, म्हणून ते जुनी घेतात. त्यांच्या दृष्टीने हा व्यवहार केवळ चार पैसे वाचविण्याचा नसतो. शहरात गाडी बंद पडली तर हाकेच्या अंतरावर गॅरेज असते. बारालाचा खिंडीच्या पलीकडे ती बंद पडली, तर जवळचा कारागीर एक दिवसाच्या वाटेवर असू शकतो, आणि उतारावर निकामी झालेला ब्रेक हा जिवाचाच प्रश्न असतो.

वाजवी किंमत म्हणजे काय ?

जुन्या मालाच्या बाजारात एक मूलभूत अडचण असते. विकणाऱ्याला गाडीचा पूर्वेतिहास ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. ह्या विषमतेचा परिणाम काय होतो, ह्याचे विवेचन जॉर्ज अकेरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन केले. २००१ साली त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ ह्यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा मांडता येईल. समजा, बाजारात दोन प्रकारच्या गाड्या आहेत. उत्तम स्थितीतील गाडी १,६०,००० रुपयांची आणि दोषयुक्त गाडी १,००,००० रुपयांची. घेणाऱ्याला दोहोंतील भेद ओळखता येत नसेल, तर तो मधली, म्हणजे १,३०,००० रुपयांची किंमत देऊ करील. दोषयुक्त गाडीचा मालक ती आनंदाने स्वीकारील. उत्तम गाडीचा मालक मात्र तोटा सोसून विकण्यापेक्षा गाडी घरीच ठेवील. हळूहळू चांगला माल बाजारातून बाहेर पडेल आणि वाईट माल शिल्लक राहील.

ह्यावरून वाजवी किमतीची एक उपयुक्त व्याख्या करता येते. विकणाऱ्याला गाडीविषयी जे जे ठाऊक आहे ते सर्व घेणाऱ्यालाही ठाऊक असते, तर दोघांनी जी किंमत मान्य केली असती, ती वाजवी किंमत होय. गाडीची तपासणी, कागदपत्रांची पाहणी आणि दुरुस्तीच्या पावत्या ह्या सर्वांचा उद्देश दोघांमधील हे अज्ञानाचे अंतर कमी करणे हाच असतो. जे अंतर भरून निघत नाही, त्यासाठी किमतीतून काही रक्कम वजा करावी लागते.

आरंभ नव्या किमतीपासून

जुन्या गाडीची किंमत ठरविताना पहिला प्रश्न असा विचारावा की, तीच किंवा तिच्या जागी आलेली नवी गाडी आज कितीला मिळते ? मालकाने पाच वर्षांपूर्वी किती पैसे मोजले होते, ह्याला फारसे महत्त्व नाही. तसेच दुकानातील मूळ किंमत आणि रस्त्यावर आणण्याची एकूण किंमत ह्यांत फरक केला पाहिजे. एकूण किमतीत पथकर, नोंदणी व विमा ह्यांचा समावेश असतो. विमा वर्षागणिक संपत जातो आणि त्याची भरपाई पुढच्या मालकाने करावी, असे म्हणता येत नाही.

नव्या किमतीत बदल झाला की जुनी किंमतही हलते. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा मोटारसायकलींवर २८ टक्के कर होता आणि ३५० घन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनावर आणखी ३ टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या गाड्यांचा कर १८ टक्क्यांवर आला, तर त्याहून मोठ्या गाड्यांचा ४० टक्के झाला. करापूर्वी १,५०,००० रुपये किंमत असलेली लहान गाडी पूर्वी १,९२,००० रुपयांना पडे, ती ह्या बदलानंतर १,७७,००० रुपयांना पडू लागली. उलट करापूर्वी २,००,००० रुपये किंमत असलेली मोठी गाडी २,६२,००० रुपयांवरून २,८०,००० रुपयांवर गेली. साहजिकच पहिल्या वर्गातील जुन्या गाडीचे मोल खाली येते आणि दुसऱ्या वर्गातील जुन्या गाडीला आधार मिळतो. जुन्या गाडीत स्वतः तसूभरही बदल झालेला नसतो.

वयानुसार घट किती धरावी, ह्यासाठी विमा व्यवसायातील कोष्टक हा एक सोयीचा आधार आहे. विम्यासाठी गाडीचे मूल्य ठरविताना कारखानदाराच्या प्रचलित विक्री-किमतीतून पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के आणि वर्ष पूर्ण होईपर्यंत १५ टक्के वजा करण्याची पद्धत आहे. दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के वजा होतात. त्यानंतरचे मूल्य विमा कंपनी व मालक ह्यांनी परस्पर संमतीने ठरवायचे असते. हे कोष्टक सर्व गाड्यांना सारखेच लागू होते आणि मागणी कोणत्या गाडीला अधिक आहे हे त्याला कळत नाही. म्हणून बाजारातील किंमत त्याच्या वर किंवा खाली असू शकते. तरीही मागितलेली किंमत कोष्टकापासून फार दूर असल्यास तिचे कारण विचारावे.

उत्पादनाचे वर्ष व महिना हेही पाहणे अगत्याचे आहे. १२५ घन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या सर्व दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून ए.बी.एस. ही ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धूरनियंत्रणाचे मानक लागू झाले. त्यामुळे केवळ काही महिन्यांचे अंतर असलेल्या दोन गाड्यांत महत्त्वाचा फरक असू शकतो. घाटातील ओल्या उतारावर ए.बी.एस.चा उपयोग होतो आणि म्हणून त्याचे मोल करणे योग्यच आहे. नवे प्रतिरूप बाजारात आले की जुन्याची मागणी बदलते, ही गोष्टही ध्यानात घ्यावी. रॉयल एनफिल्डची ४११ घन सेंटिमीटरची हिमालयन २०१६ साली विक्रीस आली आणि २०२३ च्या अखेरीस तिच्या जागी अधिक शक्तीचे नवे इंजिन असलेली गाडी आली. अशा वेळी काही मालक नवी घेण्यासाठी जुनी विकावयास काढतात आणि घेणाऱ्याला निवडीस वाव मिळतो. वय वाढत गेल्यावर घटीचा वेग मंदावतो. काही जुन्या गाड्यांच्या बाबतीत ती थांबते देखील. बीड धातूच्या इंजिनाच्या जुन्या बुलेटला हौशी लोक आजही चांगली किंमत देतात. परंतु हौसेचे मोल आणि प्रवासाच्या उपयुक्ततेचे मोल ह्यांची गल्लत करू नये.

किती धावली आणि कशी धावली

अंतर दाखविणाऱ्या मापकावरील आकडा पाहून किंमत करण्याची सवय सर्वत्र आढळते. प्रवासी मोटारसायकलच्या बाबतीत हा आकडा फसवा ठरू शकतो. महामार्गावर एकसारख्या वेगाने चालणाऱ्या गाडीचे इंजिन योग्य तापमानाला असते, क्लच क्वचितच दाबावा लागतो आणि ब्रेकचीही झीज कमी होते. शहरातील गाडी दर फर्लांगाला थांबते, थंड इंजिनाने अनेक वेळा सुरू होते आणि तिचा क्लच सतत घासत राहतो. म्हणून नियमित तेल बदललेली ४०,००० किलोमीटर धावलेली प्रवासी गाडी १५,००० किलोमीटर धावलेल्या शहरी गाडीपेक्षा अधिक निरोगी असू शकते. ह्या नियमाला पर्वतीय प्रवासाचा अपवाद आहे. तेथे गाडी सामानासह खालच्या गिअरमध्ये तासन् तास चढते, दगडांवरून आदळते आणि ओढ्यांतून जाते. तेथील एक हजार किलोमीटर सपाटीवरील एक हजार किलोमीटरबरोबर मोजता येत नाहीत.

मापक बदललेला किंवा मागे नेलेला असण्याचाही संभव असतो. अशा वेळी शरीराच्या स्पर्शाने झिजणाऱ्या भागांकडे पाहावे. पाय ठेवण्याचे रबर, गिअरच्या पेडलाचे आवरण, मुठी आणि आसन हे भाग सहसा खोटे बोलत नाहीत. मापकावर १२,००० किलोमीटर आणि पायाखालचे रबर गुळगुळीत, अशी विसंगती आढळल्यास आकड्यावरचा विश्वास सोडून द्यावा. सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे तारीख आणि अंतर नोंदलेल्या दुरुस्तीच्या पावत्या. त्या क्रमाने लावल्या की गाडीचे चरित्रच समोर येते.

तपासणी

गाडी पाहावयास जाताना ती आधी सुरू करून ठेवू नये, अशी विकणाऱ्याला विनंती करावी. थंड इंजिन पुष्कळ दोष उघड करते, तर गरम इंजिन तेच दोष झाकून ठेवते. सुरू करताच येणारा निळसर धूर तेल जळत असल्याचे दर्शवितो. काळा धूर इंधनाचे प्रमाण अधिक असल्याचे चिन्ह आहे. थंड सकाळी क्षणभर दिसणारी पांढरी वाफ मात्र निरुपद्रवी असते. इंजिनातील तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी शिरल्याचा संशय घ्यावा. ओढे ओलांडून आलेल्या गाडीत हे विशेष पाहिले पाहिजे.

त्यानंतर चेन, टायर व ब्रेक पाहावेत. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून बोटाने मागे ओढली असता दात उघडे पडत असतील, किंवा दात एका बाजूस वाकून टोकदार झाले असतील, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलावी लागतात. टायरच्या कडेवर कोरलेल्या आकड्यांतील शेवटचे चार अंक त्याचे वय सांगतात. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी पुरेशी खोल असली तरी रबर कडक होऊन भेगा पडल्या असतील, तर तो टायर लांबच्या प्रवासास निरुपयोगी समजावा. ब्रेकच्या तबकडीवर तिची किमान जाडी कोरलेली असते. तिच्याशी प्रत्यक्ष जाडीची तुलना करता येते.

पुढच्या फॉर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओला पट्टा दिसल्यास ऑइल सील गेलेले असते. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरवावे. मध्यभागी ते खाचेत बसल्यासारखे अडकत असेल, तर हँडलखालचे बेअरिंग बदलावयास झाले आहे. दोन्ही चाके फिरवून रिमला पोचे आहेत काय, तारा सैल आहेत काय, हे पाहावे. ह्या सर्व गोष्टींचा खर्च आधी काढता येतो आणि म्हणून त्यांची फारशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

भीती बाळगावयाची ती सांगाड्याच्या दोषाची. सामान लादून खडबडीत रस्त्यावर धावलेल्या गाडीच्या मागच्या चौकटीला, विशेषतः सामानाची जाळी जेथे जोडलेली असते तेथे, भेग पडू शकते. नवे वेल्डिंग किंवा एकाच ठिकाणी मारलेला ताजा रंग दिसला की थांबून विचार करावा. सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूस ओढत असेल, तर सांगाडा वा फॉर्क वाकलेला असण्याची शक्यता असते. अशा गाडीची किंमत कमी करून घेण्यापेक्षा ती न घेणेच शहाणपणाचे होय. संरक्षक दांड्यांवरचे ओरखडे मात्र गाडी उभी असता पडली तरी येतात. त्यांवरून अपघाताचा निष्कर्ष काढू नये.

गाडी कोणत्या प्रदेशातून आली हेही पाहण्यासारखे असते. कोकण, गोवा, केरळ अथवा पूर्व किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीत आसनाखाली, तारांच्या जोडांवर आणि सायलेन्सरच्या पोटाशी गंज आढळतो. राजस्थानातील गाडीच्या हवेच्या गाळणीत व चेनमध्ये बारीक वाळू साचते आणि उन्हाने रबर कोरडे पडते. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत आणि ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात आलेल्या पुरांसारख्या प्रसंगी असंख्य वाहने पाण्याखाली जातात. त्यांतील काही पुढे धुऊनपुसून विक्रीस येतात. दिव्याच्या आतील चिखलाची रेघ आणि तारांच्या जोडांवरील हिरवट थर ही बुडालेल्या गाडीची लक्षणे आहेत.

जोडसाहित्याचे मोल

प्रवासी गाडीवर मालकाने पुष्कळ खर्च केलेला असतो. सामानाच्या पेट्या, उंच काच, जादा दिवे, मऊ आसन आणि निराळा सायलेन्सर ह्या सर्वांची बेरीज करून ती किमतीत मिळवावी, अशी त्याची अपेक्षा असते. ती समजण्यासारखी असली तरी मान्य करण्यासारखी नसते. घेणाऱ्याला ज्या वस्तू लागणार आहेत आणि ज्या अन्यथा त्याला विकत घ्याव्या लागल्या असत्या, त्यांचेच मोल त्याने द्यावे आणि तेही जुन्या वस्तूच्या भावाने. सामानाच्या चांगल्या पेट्यांना किंमत आहे. मोठा आवाज करणारा सायलेन्सर तर उलट कायद्याच्या कचाट्यात आणतो, आणि मूळ सायलेन्सर जपून ठेवलेला नसेल तर त्यापायी काही रक्कम वजाच केली पाहिजे. तारा कापून बसविलेले जादा दिवे हाही गुणापेक्षा दोष ठरण्याचा संभव अधिक असतो.

कागदपत्रे हा मालाचाच भाग

यंत्र उत्तम असले तरी कागदपत्रे अपुरी असतील, तर घेणाऱ्याच्या पदरात गाडी पडते, मालकी पडत नाही. नोंदणी प्रमाणपत्रावरील, म्हणजेच बोलीभाषेतील आर.सी. बुकावरील, इंजिन क्रमांक व चॅसिस क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी ताडून पाहावेत. प्रमाणपत्रावर बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा नोंदलेला असेल, तर कर्ज फिटल्याचे सांगणे पुरेसे नाही. नमुना क्रमांक ३५ भरून तो बोजा उतरविला गेला पाहिजे. न भरलेल्या दंडाची चलाने आणि विम्याची मुदत केंद्र सरकारच्या वाहन-नोंदणी सेवेवर पाहता येते. विम्यातील विनादावा सवलत विकणाऱ्याकडेच राहते. ती गाडीबरोबर येत नाही, म्हणून पहिल्या वर्षी घेणाऱ्याचा हप्ता अधिक असू शकतो.

नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन तिचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या गाडीच्या किमतीत ह्या खर्चाचा विचार झाला पाहिजे. दिल्ली व तिच्या परिसरात १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांनी बंधने आली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्या बंधनांत पुढे फेरबदल होत आले असल्यामुळे, तेथील जुनी गाडी घेताना व्यवहाराच्या दिवशीचा नियम पाहावा.

दुसऱ्या राज्यातील गाडी स्वस्त मिळते, असा पुष्कळांचा अनुभव असतो. हा स्वस्तपणा वरवरचा असू शकतो. अशी गाडी आपल्या राज्यात कायमची आणावयाची असेल, तर मूळ नोंदणी कार्यालयाकडून नमुना क्रमांक २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि नव्या राज्यात पथकर भरावा लागतो. मूळ राज्यातून उरलेल्या काळाचा कर परत मागता येतो, परंतु त्यास वेळ व खेपा लागतात. समजा, नव्या राज्यातील कर १५,००० रुपये आहे. तर बाहेरची गाडी स्थानिक गाडीपेक्षा निदान तेवढ्याने स्वस्त असल्याखेरीज तिच्यात काही लाभ नाही.

एक उदाहरण

आतापर्यंतचे विवेचन एका काल्पनिक गाडीस लावून पाहू. आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. गाडीला चार वर्षे पूर्ण झाली आहेत, ती ३६,००० किलोमीटर धावली आहे आणि त्याच प्रकारच्या नव्या गाडीची दुकानातील किंमत आज २,६०,००० रुपये आहे. पाचव्या वर्षाची ५० टक्के घट धरता १,३०,००० रुपये येतात. त्याच राज्यात, त्याच वयाच्या इतर पाचसात गाड्यांसाठी मालक १,४५,००० ते १,६५,००० रुपये मागत आहेत. मागितलेली किंमत व ठरलेली किंमत ह्यांत अंतर असते. ते ध्यानात घेऊन सर्वसाधारण स्थितीतील अशा गाडीचे मोल १,५०,००० रुपये धरू.

आता ह्या विशिष्ट गाडीचे दोष पाहू. दोन्ही टायर संपले आहेत आणि नव्यांना १०,००० रुपये लागतील. चेन व स्प्रॉकेटही संपले असून त्यांस ५,००० रुपये लागतील. फॉर्कच्या सीलमधून तेल गळते आहे, दुरुस्ती २,५०० रुपयांची. ह्या ठिकाणी घेणारे बहुधा सर्व १७,५०० रुपये वजा करू पाहतात. हा हिशेब बरोबर नाही. चार वर्षांच्या सर्वसाधारण गाडीचे टायर व चेन नवे नसतातच, अर्धेअधिक झिजलेले असतात, आणि १,५०,००० रुपयांच्या किमतीत ही झीज गृहीत धरलेली आहे. म्हणून टायरांचे ५,००० आणि चेनचे २,५०० एवढेच वजा करणे न्याय्य होईल. सीलची गळती ही नेहमीची झीज नसून दोष आहे, तेव्हा तिचे २,५०० रुपये पूर्ण वजा करावेत. एकूण वजावट १०,००० रुपये. सामानाच्या पेट्या नव्या २०,००० रुपयांच्या आहेत आणि घेणाऱ्याला त्या हव्या आहेत. त्यांचे ५,००० रुपये मिळविता वाजवी किंमत १,४५,००० रुपये येते.

दुरुस्तीच्या सर्व पावत्या उपलब्ध असतील, तर ही किंमत देण्यास हरकत नाही. पावत्या नसतील आणि मालक इंजिनाविषयी समाधानकारक उत्तर देऊ शकत नसेल, तर अज्ञात धोक्यापोटी आणखी १०,००० ते १५,००० रुपये कमी करणे योग्य ठरते. ह्याचाच अर्थ असा की, ज्या मालकाने चार वर्षे पावत्या एका पाकिटात जपून ठेवल्या, त्याला त्या पाकिटाचे तेवढे पैसे मिळाले. चांगला माल बाजारातून हाकलला जाऊ नये, ह्यासाठी प्रामाणिक विकणाऱ्याच्या हाती असलेले हेच साधन आहे.

किंमत आणि एकूण खर्च ह्यांतील भेदही येथे स्पष्ट होतो. १,४५,००० रुपये देऊन घेतलेली ही गाडी प्रवासास योग्य करण्यासाठी घेणाऱ्याला पूर्ण १७,५०० रुपये खर्चावेच लागतील. म्हणजे विमा व हस्तांतर सोडून त्याला १,६२,५०० रुपयांची तयारी ठेवली पाहिजे. सर्व शिल्लक किमतीतच घालून जुन्या टायरांवर लेहला निघणे हे ह्या व्यवहारातील सर्वांत महागात पडणारे कृत्य होय.

व्यवहाराची पूर्तता

किंमत ठरली की इसार देताना ठरलेली रक्कम, गाडीबरोबर मिळणाऱ्या वस्तू आणि हस्तांतराचा खर्च कोणी करावयाचा, हे कागदावर लिहून घ्यावे. हिमालयातील रस्ते उन्हाळ्याच्या आरंभी खुले होतात आणि त्याच सुमारास प्रवासी गाड्यांना मागणी वाढते. पावसाळ्यानंतर ती ओसरते. ज्याला घाई नाही त्याने हा काळ साधावा.

हस्तांतरासाठी नमुना क्रमांक २९ व ३० भरावे लागतात. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी त्याच राज्यात नोंदलेली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. सही केलेले कोरे अर्ज घेणाऱ्याच्या हाती देऊन विकणारा निश्चिंत होतो, हे दृश्य सर्वत्र दिसते. ह्यात त्याचाच मोठा धोका आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असा निर्णय दिला की, अपघाताच्या वेळी ज्याच्या नावावर वाहनाची नोंद असेल तोच कायद्याच्या दृष्टीने मालक होय आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. वाहन पूर्वीच दुसऱ्याला विकले होते, ही सबब चालत नाही. गाडी विकल्यावर तीन मालक बदलले, परंतु नोंद बदलली नाही, तर पहिल्या मालकाला कधी न पाहिलेल्या अपघाताचे उत्तर द्यावे लागू शकते.

म्हणून शक्य असल्यास दोघांनी मिळून अर्ज दाखल करावेत. किमतीचा काही भाग नोंद बदलेपर्यंत राखून ठेवण्याचे दोघांच्या संमतीने ठरविता येते. नोंदणी प्रमाणपत्रावर नव्या मालकाचे नाव लागले, विमा त्याच्या नावे झाला आणि राखलेली रक्कम पोचती झाली, म्हणजे हा व्यवहार पूर्ण झाला असे समजावे.